चुंबकाच्या आतला पीळ

सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात ‘स्पिनिंग’ म्हणजे सूतगिरणी. दुसरा अर्थच नाही. त्यामुळे शेजारच्या काकांनी पेपरात क्वांटमची बातमी वाचून मला गल्लीत गाठलं तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता. “सर, इलेक्ट्रॉनला स्पिन असतो म्हणतात. म्हणजे चातीसारखा गरगर फिरतो आणि पीळ बसतो, असंच ना?” काकांचे टॉवेलचे माग आहेत. सूत बोटांत धरलं की पीळ कमी पडलाय की जास्त झालाय, हे त्यांना न बघता कळतं.

“नाही हो काका, फिरत वगैरे काही नाही,” असं म्हणून मी कॉलेजकडे निघालो. पण ते उत्तर दिवसभर मला टोचत राहिलं. इलेक्ट्रॉन चातीसारखा फिरत नाही हे खरं. पण पीळ आहे! काही चुंबकांच्या आत स्पिनांना खरोखर पीळ पडतो, तो कुठल्या बाजूचा यावर बरंच काही ठरतं, आणि गेली पंधरा-वीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यामागे लागल्या आहेत. काकांचा अंदाज शब्दाने चुकला होता, पण दिशा बरोबर होती. म्हणून हा लेख.

बातम्यांत क्वांटम का येतंय तेही आधी सांगतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतचा खर्च ६००३.६५ कोटी रुपये. त्यातल्या चार विषयांपैकी एक आहे क्वांटम साहित्य आणि उपकरणं, म्हणजे नुसती यंत्रं नव्हेत, तर ती ज्यापासून बनतील ते पदार्थ. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञानाचं वर्ष म्हणून पाळलं. पैसा आणि चर्चा दोन्ही वाढलं की गोंधळही वाढतो, म्हणून मुळापासून सुरुवात करू.

आधी सूत हातात घ्या

सुताचा एक तुकडा उभा धरा आणि नीट बघा. तंतूंच्या तिरक्या रेषा दिसतील. त्या वर जाताना उजवीकडे झुकत असतील तर तो झेड पीळ, डावीकडे झुकत असतील तर एस पीळ. त्या दोन इंग्रजी अक्षरांच्या मधल्या रेषेचा कल बघितला की नावं लक्षात राहतात. आता सूत उलटं धरा, खालचं टोक वर. पीळ बदलला? नाही. झेड होता, झेडच राहिला. आडवं करा, गोल फिरवा, काहीही करा, बदलणार नाही. आरशासमोर धरा मात्र, आतलं सूत एस पिळाचं दिसेल.

जी वस्तू कितीही फिरवली तरी आपल्या आरशातल्या प्रतिमेवर बसत नाही, तिच्या या गुणाला कायरॅलिटी म्हणतात. ग्रीक भाषेतल्या ‘हात’ या शब्दावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९३ च्या सुमारास हा शब्द घडवला. आपले दोन हात असेच आहेत. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. मी पुढे याला डावं-उजवंपण म्हणेन.

हे आपल्याला नवीन नाही. डाव्या सोंडेचा गणपती आणि उजव्या सोंडेचा गणपती यांत आपण फरक करतोच. दक्षिणावर्ती शंख दुर्मिळ, कारण त्या जातीच्या बहुतेक शंखांचे वेढे दुसऱ्या बाजूचे असतात. सायकलवाल्याला विचारा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सरळ आट्यांचं पेडल तिथे लावलं तर चालवता चालवता सैल होईल.

रेणूंमध्येही हे आहे. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले आणि डावे-उजवे चिमट्याने वेगळे केले. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच. आपल्या नाकालाही हा फरक कळतो. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप पुदिन्याच्या स्पिअरमिंट जातीला वास देतं आणि त्याचंच आरशातलं रूप बाळंतशेपाच्या तेलात असतं. एकच रेणू, पण पुदिना आणि बाळंतशेपा यांत कुणाची चूक होईल का?

एक गोष्ट इथेच मनात ठेवा: डावं-उजवंपण अणूत नसतं, ते मांडणीत असतं. कापसाच्या एका तंतूला एस किंवा झेड म्हणता येत नाही. पीळ दिला की बाजू येते.

स्पिन म्हणजे फिरणं नाही, मग काय?

१९२२ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत एका विषम, म्हणजे जागोजागी ताकद बदलणाऱ्या, चुंबकक्षेत्रातून सोडला. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. ते कसेही तिरके-वाकडे येणार, म्हणजे समोरच्या काचेवर पसरट पट्टा उमटायला हवा होता. उमटले दोन ठसे. मध्ये काहीच नाही. जणू प्रत्येक अणूला ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढ्या दोनच परवानग्या होत्या.

१९२५ मध्ये जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युअल गाउडस्मिट या दोन तरुणांनी सुचवलं की इलेक्ट्रॉनला स्वतःचा एक कोनीय संवेग (फिरणाऱ्या वस्तूत असते ती राशी) असतो, आणि मोजायला गेलं की तो दोनच किमती देतो. त्याला स्पिन हे नाव पडलं. नाव पडलं तिथेच घोटाळा झाला. इलेक्ट्रॉनला छोटा गोळा मानून हिशेब केला तर एवढ्या स्पिनसाठी त्याचा पृष्ठभाग प्रकाशाच्या शंभर पटींहून जास्त वेगाने फिरावा लागतो. ते शक्य नाही. वस्तुमान आणि विद्युतभार जसे इलेक्ट्रॉनचे जन्मजात गुण, तसाच स्पिन. फक्त त्याला दिशा असते.

तरीही हा गुण विचित्र आहे, आणि किती विचित्र ते टॉवेलवर दाखवता येतं. खरंच करून बघा. टॉवेलचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दुसरं टोक हातात ताणून धरा आणि त्याला पूर्ण एक फेरा पीळ द्या. आता अट अशी: हातातलं टोक जसं आहे तसं धरायचं, त्याला गोल वळवायचं नाही, पण टोकासकट हात टॉवेलच्या वरून, खालून, पलीकडून कसाही न्यायला मुभा आहे. पीळ सुटेल? नाही सुटणार. फार तर उलट्या बाजूचा होईल. आता एकाऐवजी दोन फेरे पीळ द्या आणि तेच करा. टोक न वळवता हात टॉवेलला एक वेढा घालून आणलात, की दोन्ही फेरे नाहीसे!

ही जादू नाही, आपल्या तीन मितींच्या जगातल्या फिरण्याचा हा गुण आहे. एक फेरा आणि शून्य फेरा वेगळे. दोन फेरे आणि शून्य फेरा एक. इलेक्ट्रॉनचा स्पिन हेच पाळतो. ३६० अंश फिरवल्यावर तो मूळ स्थितीत येत नाही, त्याच्या अवस्थेचं चिन्ह उलटं होतं. ७२० अंशांनंतर येतो. इलेक्ट्रॉनइतकाच स्पिन असलेल्या न्यूट्रॉनवर १९७५ मध्ये दोन गटांनी हे प्रयोगाने दाखवलं. बारावीच्या वर्गात मी हे टॉवेलवर करून दाखवतो. समीकरण ज्यांच्या डोक्यावरून जातं ती मुलंही टॉवेल सोडायला तयार नसतात.

लोखंड चुंबक होतं तरी कसं?

काकांचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे: “सगळ्या अणूंत इलेक्ट्रॉन आहेत, सगळ्यांना स्पिन आहे, मग पितळेचा तांब्या का चिकटत नाही?”

बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, एक वर एक खाली, आणि हिशेब शून्य होतो. लोखंड, कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांच्यात काही स्पिन जोडीविना उरतात. पण उरलेल्या लाखो-करोडो स्पिनांनी एकाच दिशेला तोंड करायला हवं, तेव्हा कुठे टाचणी उचलता येते. त्यांना एका रांगेत कोण उभं करतं?

वाटतं की एक चुंबक शेजारच्या चुंबकाला ओढत असेल. हिशेब केला तर ती ओढ फारच दुबळी निघते. साध्या खोलीतल्या उष्णतेने ती रांग केव्हाच मोडली असती. लोखंड तर ७७० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकत्व टिकवतं. खरं कारण १९२८ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग यांनी दाखवलं. सारखा स्पिन असलेले दोन इलेक्ट्रॉन क्वांटमच्या नियमामुळे एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत, अंतर राखतात. अंतर राखल्यामुळे त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण कमी होतं, ऊर्जा वाचते. लोखंडात ही बचत इतकी मोठी असते की शेजारी-शेजारी एकाच दिशेला राहणं परवडतं. काही पदार्थांत हिशेब उलटा बसतो आणि शेजारी विरुद्ध दिशांना राहतात.

फ्रिजच्या दारावरचं चुंबक म्हणूनच क्वांटम वस्तू आहे. जुन्या, न्यूटनच्या पद्धतीच्या भौतिकशास्त्रातून कायमचं चुंबकत्व निघूच शकत नाही, हे नील्स बोर यांनी १९११ मध्ये आणि हेन्ड्रिका फान लेवेन यांनी १९१९ मध्ये गणिताने दाखवलं होतं.

पीळ येतो कुठून?

आतापर्यंतच्या चुंबकात डावं-उजवं काही नाही. सगळे एका दिशेला, किंवा एक वर एक खाली. लेखाचा खरा विषय इथून सुरू होतो.

शाळेच्या मैदानावर कवायतीची एक लांब रांग डोळ्यांसमोर आणा. नियम पहिला: पुढच्याकडे बघून त्याच्याच दिशेला तोंड करा. आता त्यात एक दुसरा, दुबळा नियम घाला: पुढच्यापेक्षा थोडंसं, अगदी किंचित, उजवीकडे वळा. प्रत्येक जण नऊ अंश वळला तर एक्केचाळिसाव्या मुलापर्यंत तोंड पूर्ण एक फेरा घेऊन आलेलं असेल. शेजारी-शेजारी बघितलं तर सगळे जवळपास एकाच दिशेला. लांबून बघितलं तर अख्ख्या रांगेला पीळ! आणि नियम ‘उजवीकडे’ असल्यामुळे पिळाची बाजूही ठरलेली.

चुंबकातला हा दुसरा नियम इगॉर झ्यालोशिन्स्की यांनी १९५८ मध्ये मांडला आणि तोरू मोरिया यांनी १९६० मध्ये त्याचं क्वांटम कारण शोधलं. दोघांच्या नावांनी तो ओळखला जातो. आपण त्याला ‘वळणाचा नियम’ म्हणू. तो लागू व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, अणूंच्या मांडणीत असमतोल हवा: दोन शेजाऱ्यांच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे पाहिलं तर सारखं दिसता कामा नये. सगळं सारखंच असेल तर उजवीकडे वळायचं की डावीकडे हे कोण ठरवणार? दोन, इलेक्ट्रॉनच्या स्पिनला आजूबाजूच्या अणूंची मांडणी ‘कळायला’ हवी. अणुकेंद्रकाजवळून वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाचं विद्युतक्षेत्र काहीसं चुंबकक्षेत्रासारखं जाणवतं, त्यातून ही ओळख होते. प्लॅटिनमसारख्या जड अणूंत ती ठळक असते.

मँगनीज सिलिसाइड हा याचा नमुना. त्याच्या स्फटिकात अणूंची मांडणीच डावी किंवा उजवी असते. उणे २४४ अंश सेल्सिअसच्या खाली नेलं की त्यातल्या स्पिनांना पीळ पडतो, सुमारे १८ नॅनोमीटरला एक फेरा, म्हणजे स्फटिकाची चाळीसएक घरं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही: स्फटिकाची बाजू बदलली की चुंबकाच्या पिळाची बाजूही बदलते. अणूंच्या मांडणीतलं डावं-उजवंपण डोळ्यांना न दिसणाऱ्या स्पिनांपर्यंत झिरपतं.

“मग असा खास स्फटिक मिळाला तरच हे जमणार?” असं वाटू शकतं. तसं नाही. कोबाल्टचा अतिपातळ थर घ्यायचा, खाली प्लॅटिनम आणि वर दुसराच पदार्थ ठेवायचा. कोबाल्टच्या दृष्टीने वरची बाजू आणि खालची बाजू सारखी राहिली नाही, तेवढा असमतोल पुरतो. आज बहुतेक काम अशा थरांवर चालतं, कारण चिप बनवणाऱ्या यंत्रांना थर चढवायची सवय आहेच.

मालदांडीच्या शेतातला भोवरा

आता रांग सोडून शेत घेऊ. थंडीतलं ज्वारीचं शेत, मालदांडीची ताटं सरळ उभी, सगळी कणसं आभाळाकडे. प्रत्येक ताट म्हणजे एक स्पिन. समजा शेताच्या मधोमध एक ताट पूर्ण उलटं आहे, कणीस मातीकडे. त्याच्याभोवतीचं पहिलं कडं बरंच कललेलं, पुढचं कमी, त्यापुढचं आणखी कमी, आणि बाहेर पुन्हा सगळं सरळ. कलताना कडी कशीही कलत नाहीत, सगळी एकाच बाजूने वळत जातात, भोवऱ्यासारखी. या आकृतीला स्किर्मिऑन म्हणतात. टोनी स्किर्म यांनी १९६० च्या दशकात अणुकेंद्रकातल्या कणांसाठी असं गणित मांडलं होतं, त्यांचं नाव याला मिळालं. चुंबकांत असे भोवरे स्थिर राहू शकतील असं गणित १९८९ मध्ये आलं, आणि २००९ मध्ये म्युनिकजवळच्या अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांनी मँगनीज सिलिसाइडमध्ये त्यांची जाळीच्या जाळी दाखवली. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते भोवरे एकेक करून टिपले, लोखंड, कोबाल्ट आणि सिलिकॉनच्या स्फटिकात.

भोवऱ्याची वळायची बाजू ठरते वळणाच्या नियमाने. हा नियम नसता तर डावे-उजवे मिसळून आले असते, आणि इतके लहान भोवरे टिकणंही अवघड होतं.

टिकणं हाच त्याचा मोठा गुण. चादरीला पडलेली सुरकुती हाताने झटकली की जाते. सुताला बसलेली गाठ झटकून जात नाही. ती सोडवावी लागते किंवा सूत तोडावं लागतं. स्किर्मिऑन गाठीच्या जातीचा आहे. त्यातल्या स्पिनांच्या दिशा एकत्र केल्या तर वर, खाली, चारी बाजू, मधले सगळे कोन, अशी पृथ्वीच्या गोलावरची प्रत्येक दिशा एकदा येते. थोडं हलवून, थोडं ढकलून ती पूर्ण मोजणी शून्य होत नाही. गणितात या अभ्यासाला टोपॉलॉजी म्हणतात, आणि पदार्थांतल्या अशाच कल्पनांसाठी २०१६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं.

इथे प्रामाणिक राहायला हवं. ‘अजिबात मोडत नाही’ असं वाचलंत तर विश्वास ठेवू नका. खरा पदार्थ अणूंचा बनलेला असतो, सलग नसतो, त्यामुळे पुरेशी ऊर्जा मिळाली की भोवरा मिटतो. गाठ बळकट आहे, अमर नाही.

टोपलीची वीण

डावं-उजवंपण येण्याचा आणखी एक रस्ता आहे. बुरूड बांबूच्या टोपलीची जी सहा कोनी डोळ्यांची वीण घालतात ती आठवा: मोठे षटकोन आणि त्यांच्या मध्ये लहान त्रिकोण. जपानीत तिला ‘कागोमे’ म्हणतात, म्हणजे टोपलीचा डोळा. अणूंची अशी मांडणी असलेले पदार्थ निसर्गात आहेत.

अशा त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन स्पिन ठेवा आणि नियम द्या: शेजाऱ्याच्या विरुद्ध तोंड करा. पहिला वर, दुसरा खाली. तिसरा? पहिल्याच्या विरुद्ध जावं तर दुसऱ्याशी जुळतो, दुसऱ्याच्या विरुद्ध जावं तर पहिल्याशी. तिघांचं एकाच वेळी समाधान होत नाही. मग ते तडजोड करतात, एकमेकांशी १२० अंशांचा कोन धरून बसतात. पण त्रिकोणाभोवती फिरताना ही दिशा घड्याळाच्या काट्यासारखी वळत जाते की उलटी, असे दोन प्रकार होतात. पुन्हा डावं-उजवं, आणि हे कुठल्याही पिळदार स्फटिकाशिवाय!

याचा परिणाम नुसता कागदावरचा नाही. मँगनीज आणि कथील यांच्या अशा एका संयुगात २०१५ मध्ये दिसलं की बाहेरून चुंबक जवळजवळ नाहीच, आतल्या दिशा एकमेकांना खोडतात, तरी त्यातून वीज सोडली की साध्या तापमानाला ती एका बाजूला वळते, जणू मोठा चुंबक शेजारी ठेवलाय. स्पिनांची मांडणीच त्या इलेक्ट्रॉनांना वळवत होती. बाहेर चुंबकत्व न सांडणारा पदार्थ चिपमध्ये फार दाटीने बसवता येतो, शेजारच्याला त्रास न देता. म्हणून त्याच्याकडे एवढं लक्ष आहे.

रेणूची बाजू इलेक्ट्रॉनला कळते?

१९९९ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत रॉन नामान यांच्या गटाला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पिळदार रेणूंच्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन पार होताना एका स्पिनचे सहज जातात, दुसऱ्याचे अडतात. २०११ मध्ये दुहेरी पिळाच्या डीएनएच्या थरानेही हे केलं. रेणू चुंबक नाही, तरी तो स्पिनांची चाळणी बनतो. २०१८ मध्ये याची उलट बाजू वापरून चुंबकीय पृष्ठभागावर डावे आणि उजवे रेणू वेगळे करता येतात हे दाखवलं गेलं. पाश्चर यांनी चिमट्याने केलं ते काम चुंबकाने! औषध कारखान्यांना याचं महत्त्व सांगायला नको. रेणूची एक बाजू औषध आणि दुसरी निरुपयोगी किंवा घातक, असं पुष्कळदा असतं.

पण हा परिणाम इतका मोठा का, यावर अजून एकमत नाही. कार्बन, नायट्रोजन हे हलके अणू. त्यांच्यात स्पिनला मांडणी कळण्याची ताकद अगदी कमी. तेवढ्यावरून एवढी चाळणी कशी होते यावर सिद्धांत लिहिणाऱ्यांत खरा वाद चालू आहे. मला हा वाद फार मोलाचा वाटतो. प्रयोग पुढे गेलाय आणि गणित मागून येतंय, असे दिवस पाहायला मिळत आहेत.

“म्हणजे क्वांटम लॉकेट, चुंबकाची बांगडी खरी म्हणायची?”

नाही. चुंबक रक्तातलं लोह ओढून आजार बरे करतो असं सांगून अशा वस्तू विकतात. ते खोटं आहे हे ठासून सांगतो, कारण आमच्या गल्लीतल्या एका आजींनी पेन्शनमधून असं लॉकेट घेतलं आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेकटं बसलेलं असतं. लोखंडासारखी स्पिनांची रांग तिथे नसते. एमआरआयच्या यंत्रात कितीतरी पटींनी ताकदवान चुंबक असतो, तोही रक्त ओढत नाही. स्पिनचा आरोग्याला खरा उपयोग त्याच यंत्रात आहे: शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचे स्पिन हलवून त्यांचा संदेश ऐकला जातो आणि त्यातून चित्र बनतं. उलट ‘ऊर्जा’ देणाऱ्या काही लॉकेटांत आणि पट्ट्यांत किरणोत्सर्गी द्रव्य सापडल्याचा इशारा नेदरलँडच्या अणुसुरक्षा यंत्रणेने २०२१ मध्ये दिला होता. घरात असं काही असेल तर अंगावर घालू नका.

“पण सर, हे आपल्या हातात कधी येणार?”

एक जुना हिशेब सांगतो. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी, वेगवेगळे काम करताना, पातळ चुंबकीय थरांत स्पिनच्या दिशेनुसार विजेचा अडथळा मोठ्या प्रमाणात बदलतो हे शोधलं. १९९७ मध्ये ते हार्ड डिस्कवरची माहिती वाचणाऱ्या भागात (रीड हेडमध्ये) बसलं, आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्कमधून आपण वर्षानुवर्षं स्पिन वाचतच आलो आहोत.

भोवऱ्यांकडून आशा अशी आहे की चुंबकीय पट्टीवर एक भोवरा म्हणजे ‘एक’, रिकामी जागा म्हणजे ‘शून्य’, आणि विजेच्या धक्क्याने ही माळ वाचकाखालून सरकवायची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखा कुठलाही भाग हलत नाही, सरकते ती फक्त आकृती. २०१० मध्ये दिसलं की मँगनीज सिलिसाइडमधले भोवरे हलवायला जुन्या चुंबकीय भिंती (वेगळ्या दिशांच्या दोन चुंबकीय भागांमधल्या सीमा) हलवण्यापेक्षा साधारण एक लाख पटींनी कमी घनतेचा प्रवाह पुरतो. विजेचं बिल भरणाऱ्या कुणालाही यातला अर्थ कळेल. मात्र तेव्हा ते फार सावकाश हलत होते आणि पदार्थ अतिथंड होता.

साध्या तापमानाचे भोवरे २०१५ पासून मिळू लागले. दुसरी अडचण उरली: भोवरा सरळ जात नाही. फिरकी घेतलेला चेंडू हवेत वळतो तसा तो प्रवाहाच्या दिशेपासून बाजूला सरकतो आणि पट्टीच्या काठाला लागून नाहीसा होऊ शकतो. २०१७ मध्ये हे थेट बघितलं गेलं. उपाय म्हणून दोन थरांत उलट-सुलट भोवऱ्यांची जोडी बांधतात, म्हणजे एकाचं डावीकडे सरकणं दुसऱ्याच्या उजवीकडे सरकण्याने फिटतं. एकेरी सुताचा पीळ अंगाशी येऊन सूत कुरळं होतं, म्हणून डबलिंगला, म्हणजे दोन सुतं एकत्र पिळताना, उलटा पीळ देतात, अगदी तसंच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘क्रांतिकारी चुंबक सापडला’ अशी बातमी आली की आधी तापमान शोधा. केल्व्हिनमध्ये (उणे २७३ अंश सेल्सिअसला शून्य धरणारं माप) लहान आकडा दिला असेल तर ते अतिथंडीतलं काम आहे. मग बघा, तो भोवरा नुसता सूक्ष्मदर्शकात दिसला की विजेने लिहिता-वाचताही आला. आणि एकच आहे की हजारो एका पट्टीवर सुरळीत चालले.

रविवारी मी काकांच्या कारखान्यात गेलो. मागाच्या आडव्या दांडीला टॉवेल बांधून दोन फेऱ्यांचा पीळ सोडून दाखवला. त्यांनी स्वतः चार वेळा केला, मग माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावून त्याच्याकडून करवला. आणि मग विचारलं, “कापड एका अंगाला ओढू नये म्हणून काही जण एस आणि झेड सूत आळीपाळीने लावतात. तुमच्या त्या स्फटिकात डावा आणि उजवा तुकडा शेजारी आला तर काय होतं?”

एकाच नमुन्यात डावा आणि उजवा असे दाणे चिकटून वाढतात, हे खरंच घडतं. सीमेच्या अलीकडे स्पिनांचा पीळ एका बाजूचा असतो, पलीकडे दुसऱ्या बाजूचा, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात तो उलटतो. त्या पट्ट्यात स्पिन नेमके कसे वळतात हे मी त्यांना कारखान्याच्या भिंतीवर खडूने काढून दाखवलं.